किती जण? एकच!

मॉलमधल्या चकचकीत रेस्टॉरंटच्या दारात उभी असलेली मुलगी हसून विचारते, "किती जण?" "एकच" असं उत्तर आलं की ती पाहुण्याच्या खांद्यावरून मागे बघते. बाकीची मंडळी गाडी लावत असतील, अशी तिला अजून आशा असते. कोणीच उगवत नाही हे नक्की झालं की त्या एकाला खांबाआडच्या, बेसिनला खेटलेल्या टेबलाशी नेऊन बसवतात आणि समोरची ताटली, पेला, काटा, चमचा त्याच्या देखत उचलून नेतात. मग मेनूकार्ड येतं. त्यातली प्रत्येक भाजी दोघांना पुरेल एवढी. "अर्धी मिळेल का?" हा प्रश्न तो मनातल्या मनात विचारतो आणि तिथंच गिळतो.

'एकटा जीव सदाशिव' ही म्हण आहेच, म्हणून या एकट्या जिवाला सोयीसाठी सदाशिवच म्हणू. सदाशिव साताऱ्याकडचा. चार दिवसांची रजा टाकून एकटाच मुंबई पाहायला निघतो, तेव्हा घरात पहिली चिंता व्यक्त होते ती जेवणाची. "एकटा जाऊन खाणार कुठं तू?" असं म्हणत मावशी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा पिशवीत कोंबते. मावशीची माया खरी, पण माहिती चुकीची. एकट्या माणसाला जेवू घालण्याचा मुंबईइतका जुना अनुभव दुसऱ्या कुठल्या शहराला क्वचितच असेल.

हे शहर मुळी एकट्या पुरुषांनीच भरलं. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून आला. काळबादेवीच्या पेढीवरचा गुजराती-मारवाडी गुमास्ता एकटा आला. दक्षिणेतून टंकलेखन शिकून आलेला कारकून एकटा, आणि ज्याच्या हॉटेलात हे सगळे चहा प्यायचे तो इराणीही बऱ्याचदा एकटाच बोटीतून उतरलेला. या सगळ्यांना दोन वेळा भूक लागायची आणि बहुतेकांना स्वयंपाक येत नव्हता. मुंबईच्या जुन्या खाद्यसंस्कृतीचं मूळ बरंचसं या दोन गोष्टींत आहे. त्या जागांत आजही एकटा माणूस शिरला की कोणाच्या भुवया वर जात नाहीत. उलट चौघांचं कुटुंब आलं की मालकाच्या कपाळावर आठी चढते, कारण चार खुर्च्या एकत्र आणायच्या कुठून?

सदाशिवाची सकाळ धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महालमधल्या कयानी या इराणी हॉटेलात सुरू होते. १९०४ पासूनची ही जागा. लाकडी खुर्च्या, चौकटीचे टेबलक्लॉथ आणि काचेमागे बिस्किटांच्या बरण्या. इराण्यांना कोपऱ्यावरच्या मोक्याच्या जागा मिळाल्या कशा, याची एक कथा मुंबईत हमखास सांगतात: हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानायचे, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. अशुभ जागेवर जवळजवळ सव्वाशे वर्षं गल्ला भरतो आहे, तेव्हा वास्तुशास्त्रींनी इथं एकदा बनमस्का खाऊन जावं.

बनमस्का आणि ब्रूनमस्का यांत गल्लत करू नये. बन मऊ आणि किंचित गोड असतो. ब्रूनची पाठ इतकी कडक की तो चहात बुडवण्याची सक्ती दातांचे डॉक्टरसुद्धा करतील. सदाशिव ऐटीत ब्रून मागवतो, कोरडाच चावतो, आणि समोरचे अनोळखी आजोबा वर्तमानपत्रावरून नजर न काढता म्हणतात, "बुडवा. भिजू द्या. घाई काय आहे?" ते आजोबा त्याच्या टेबलावर बसलेले नाहीत, तोच त्यांच्या टेबलावर बसला आहे. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, हा इथला शिरस्ता. ओळख करून घ्यायची सक्ती नाही आणि बोलायचं झालं तर नावगाव विचारायची गरज नाही. आजोबा खिमापावाची शिफारस करतात, मावा केकबद्दल मात्र ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या मेरवानची आठवण काढतात. मेरवान १९१४ चं. तिथला मावा केक खायचा तर लवकर उठावं लागायचं, आणि रजेवर असलेल्या माणसाला हा अन्याय वाटायचा.

इराण्याच्या हॉटेलात पूर्वी सूचनांच्या पाट्या असत. भांडू नका, केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका. धोबीतलावच्याच बस्तानीतल्या अशा पाटीवरून निसीम एझिकेल यांना कविता सुचली. कविता टिकली, बस्तानी बंद झालं. पाटीवर इतक्या गोष्टींची मनाई करावी लागली, यावरून गिऱ्हाईकं त्या जागेला किती आपली समजत होती ते कळतं. परक्याच्या घरात कोण केस विंचरतं?

माटुंग्याला कोणी काही मनाई करत नाही, फक्त वेग वाढवतात. मध्य रेल्वेच्या स्टेशनासमोर, पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ पासून. इथं कोणी मेनूकार्ड पुढं करत नाही. पैसे आधी द्यायचे, कूपन घ्यायचं आणि ताट की केळीचं पान एवढंच ठरवायचं. पान म्हणजे पोटभर. सदाशिव पान सांगतो. पानावर पाणी शिंपडून हात फिरवेपर्यंत भाजी, चटणी, पापड पडलेले असतात. भाताचा डोंगर येतो, त्यात सांबार ओततात. सांबार पानाच्या कडेकडे पळायला लागतं. शेजारचा गृहस्थ बोटांनी भाताचा बांध घालून त्याला अडवतो, तेही एकाच हातानं, आणि शर्टाच्या बाहीला थेंब लागू देत नाही. सदाशिवाच्या सांबारानं एव्हाना सीमोल्लंघन केलेलं असतं. मग रसम येतं, आणि पातळपणात सांबार त्याच्यापुढं फारच सोशिक होतं हे त्याला उमगतं.

तिथून जवळच १९४० चं कॅफे मद्रास. सकाळी बाहेर ही गर्दी! कुटुंबंच्या कुटुंबं फुटपाथवर नाव पुकारण्याची वाट पाहत उभी. इथं एकटेपणाचं सोनं होतं. आतून हाक येते, "सिंगल कोण आहे?" आणि सासूसासरे, सून, दोन नातवंडं अशा पाच जणांच्या डोळ्यांदेखत सदाशिव ऐटीत आत शिरतो. बायको नसण्याचा इतका रोकडा फायदा त्याला आजवर मिळालेला नसतो. आतल्या टेबलावर उरलेली एक खुर्ची त्याची. बाकीच्या तीन खुर्च्यांवर तीन अनोळखी माणसं आणि त्यांचे तीन डोसे. त्यातल्या एकाच्या ताटलीतली लोण्याची गोळी सदाशिव जरा जास्तच वेळ बघतो.

दादरला ही टेबलाची भागीदारी आणखी पुढं जाते, कारण दादरला लोक मत देतात. शिवाजी पार्कजवळच्या 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा, मिसळ आणि पीयूष. श्रीखंड आणि ताकाच्या या लग्नातून झालेलं पीयूष पेल्यात ओततात खरं, पण ते प्यायचं की खायचं हे अजून कोणी ठरवलेलं नाही. सदाशिव मिसळ मागवतो तेव्हा टेबलावरच्या दोन अनोळखी काकू एकमेकींकडे बघतात. "पहिल्यांदा आलाय," एक म्हणते. "साबुदाणा वडा सांगा हो," दुसरी. सदाशिव निमूट ऑर्डर बदलतो. मिसळ खायची तर शिवसेना भवनासमोर 'आस्वाद'ला जा, असा पत्ताही मिळतो. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं. जग ठीक आहे, पण कोल्हापूर, नाशिक आणि पुणे यांनी तो निकाल अजून मान्य केलेला नाही, आणि साताऱ्यानंही करू नये असं सदाशिवाचं मत पडतं. खाऊन झाल्यावर तो ते मत थोडं मवाळ करतो.

दादर स्टेशनाबाहेर मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. आणि याच स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घातला, असं मानतात. वडापाव तर मुळात एकट्याचाच पदार्थ. खुर्ची नको, टेबल नको, सोबत तर नकोच. एक वडापाव दोघांत वाटून खाणारं जोडपं दिसलं तर ते प्रेमात नवीन आहे असं समजावं.

मुंबईतली एकट्याची सगळ्यांत मोठी सोय मात्र आता पाटी वाचून सापडत नाही. लालबाग-परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत बायका खानावळ चालवायच्या. एकेका गाळ्यात पाळ्यापाळ्यानं झोपणारे गिरणी कामगार तिथं महिन्याच्या बोलीवर जेवायचे. पगार महिन्यानं होणार आणि चूल मात्र रोज पेटणार, म्हणून या बायका वाण्याकडे आणि सावकाराकडे कायम अडकलेल्या. कम्युनिस्ट चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि भोंग्यावर जेवणाऱ्यांची पंगतही उठली. त्या जागी आता टॉवर आहेत. टॉवरच्या तळमजल्यावर रेस्टॉरंट आहे आणि त्याच्या दारात ती मुलगी उभी आहे.

त्या खानावळींची चव थोडीफार शिल्लक आहे ती मालवणी आणि गोमंतकी जेवणघरांत. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम होतं, तोवर पट्टीचे मासेखाऊ तिथं मुकाट बसून जेवत. मालकाचा मूड सांभाळण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची. आता सदाशिव वांद्रे पूर्वेच्या गांधीनगरात हायवे गोमंतक गाठतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, श्रावण असं सगळं वजा करून मराठी माणसाला मासे खायला जे दिवस उरतात, त्या दिवशी सगळे एकदम येतात.

मासे खावेत तर एकट्यानंच. सुरमई सभ्य मासा, मधोमध एक काटा आणि बाकी निर्धोक, म्हणून ती गप्पिष्टांना चालते. पण कर्ली! चवीला अव्वल आणि काटे असे की जिभेनं एकेक हुडकून काढावा लागतो. कर्ली खाताना बायको काही विचारेल, मुलगा पाणी सांडेल, मित्र राजकारण काढेल, तर माणूस थेट डॉक्टरकडे. सदाशिवाला कोणी काही विचारत नाही. तो पाऊण तास घेतो, काट्यांची नीट रास लावतो, सोलकढीचा दुसरा पेला मागवतो. पलीकडच्या टेबलावर आठ जणांच्या वाढदिवसात एकानं कोणाच्या पाठीत धपाटा घातला आहे. तिथं बहुधा कर्लीच असावी.

बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात मात्र सदाशिव पेचात पडतो. १९२३ चं हे पारशी-इराणी उपाहारगृह मुख्यतः दुपारचंच चालतं, आणि बेरी पुलावाची एक ताटली म्हणजे दोघांचं काम. भाताखाली मटण, भातावर इराणहून येणाऱ्या झरेश्कच्या आंबट लालबुंद मण्यांची उधळण. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनं इराणमधल्या मुक्कामानंतर ही पाककृती इथं आणली. स्वतः बोमनशेठ नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे, रास्पबेरी सोडा प्या म्हणायचे आणि इंग्लंडच्या राणीचं पत्र दाखवायचे. २०१६ साली राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांची भेटही झाली. २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी ते गेले. ते होते तोवर इथं एकटा आलेला माणूस एकटा जेवला असं फारसं घडलं नसेल. सदाशिव ताटलीशी झुंजतो, अर्ध्यावर पट्टा एक भोक सैल करतो, पण कॅरॅमल कस्टर्डला नाही म्हणत नाही. ताटलीत मागे राहिलेले झरेश्क तो बोटानं वेचतो, इकडेतिकडे बघून.

शेवटची रात्र काळबादेवीला. इथं पेढीवरच्या गुमास्त्यांसाठी निघालेल्या भोजनालयांची परंपरा आहे. नरोत्तम वाडीतला फ्रेंड्स युनियन जोशी क्लब हा त्यातलाच. नावात क्लब असला तरी टेनिस नाही, तलाव नाही, सदस्यत्व नाही. जिना आणि थाळी, एवढंच. १९४५ पासूनचं ठाकर भोजनालयही पहिल्याच मजल्यावर. ही भोजनालयं हटकून वर असतात. चढताना भूक वाढावी हा हेतू असेल, पण उतरताना काय होणार याचा विचार कोणी केलेला नाही.

सदाशिव ठाकरमध्ये बसतो आणि ताटात वाट्या मांडल्या जातात. एक वाढपी डाळ, दुसरा कढी, तिसरा भाज्या, चौथा फरसाण, आणि पाचवा काही न घेता नुसता उभा. तो फुलक्यांवर लक्ष ठेवणारा. चौघांच्या टेबलावर आग्रह चौघांत विभागला जातो. एकट्याला तो सगळाच मिळतो. "बस" म्हणताना सदाशिव हात ताटावर आडवा धरतो, तर फुलका हाताच्या कडेनं सरकून ताटात येतो. "गरम आहे, एक घ्या." एक घेतला की, "तो गार झाला असेल, हा घ्या." वर तूप. डाळ गोड, भाजी गोड आणि गोड पदार्थ वेगळाच. साताऱ्याच्या जिभेला हे पहिल्या घासाला खटकतं, तिसऱ्या घासाला ती गप्प होते. शेवटी खिचडी-कढी येते, कारण इतका वेळ जे झालं ते जेवण होतं, आता पोट भरायचं असतं.

समोरच्या खुर्चीवरचे कापड बाजारातले शेठ कधीचे शांतपणे जेवत असतात. ताकाचा पेला खाली ठेवून ते सदाशिवाकडे जरा कणवेनं बघतात.

"आज साधंच होतं हं," ते सांगतात. "रविवारी या. रविवारी दोन स्वीट असतात."

सदाशिव जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरतो. चौथ्या पायरीवर थांबतो, श्वास घेतो आणि मान वर करून गल्ल्यावरच्या माणसाला विचारतो, "रविवारी किती वाजता उघडतं हो?"