उलाळ

न्यू जर्सीतला जानेवारी. नुकतंच बर्फ खरवडलेल्या अंगणात उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन्ही गुडघे रोवून, छताला डोकं टेकवून मी दासमारुतीसारखा ओणवा झालो होतो आणि जावई बाहेरून म्हणत होते, "बाबा, अजून थोडं वजन टाका." बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण वजन टाकायला मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. कचेरीत वजन दोन प्रकारचं असतं. एक साहेबाकडे असतं, दुसरं फाईलवर ठेवतात. पहिलं माझ्याकडे आलं नाही आणि दुसऱ्याला हात लावायचा धीर झाला नाही. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, आहे तेही कमी करा. त्यांचं ऐकलं नाही हे किती बरं झालं! चौऱ्याहत्तर किलोंची ती शिल्लक सातासमुद्रापलीकडे अशी अचानक कारणी लागली.

दुसऱ्या दिवशी लेक बाळाला घेऊन घरी यायची होती, आणि त्याआधी गाडीत बाळाची सीट बसवायची होती. उताण्या कासवाच्या पाठीसारखी ती दिसत होती. खाली तिचा बेस, आणि तो जखडायला दोन आकडे. हे आकडे ज्या लोखंडी दांड्यांत अडकवायचे, त्या गाडीच्या गादीच्या फटीत लपलेल्या असतात. 2002 च्या सप्टेंबरपासून अमेरिकेतल्या गाड्यांना त्या सक्तीच्या आहेत, पण दिसल्याच पाहिजेत अशी सक्ती काही नसावी. पलंगाच्या फटीत पडलेली सेफ्टी पिन शोधावी तशा आम्ही त्या चाचपडून शोधल्या. मग पट्टा ओढायचा, इतका की बेस एका इंचाहून जास्त हलता कामा नये. आमच्या घराण्यात इंचभरही न हलणारी गोष्ट आजवर एकच झाली, ती म्हणजे आजोबांचं मत.

त्यातून ही सीट उलटी. बाळाचे पाय गाडीच्या मागच्या बाजूला, तोंडही तिकडेच. न्यू जर्सीचा कायदाच आहे, दोन वर्षांच्या आणि तीस पौंडांच्या आतलं मूल असं पाठमोरंच बसवायचं. कारण मोठं साधं आहे. माणूस जन्मतो तेव्हा त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकंच असतं, आणि ते पेलायला मान मात्र निशिगंधाच्या देठाएवढी. समोरून धडक बसली की डोकं पुढे झेपावतं आणि मान एकटी पडते. पाठमोऱ्या बाळाचा तो धक्का सीटची पाठ झेलते, सगळ्या अंगावर पसरून देते. स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमान नावाच्या प्राध्यापकांना 1964 च्या सुमारास हे सुचलं, तेही जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहून. म्हणजे आमची नात दवाखान्यातून घरी यायची ती अंतराळवीराच्या बैठकीत. तिच्या आजीला हे सांगितलं, तेव्हा ती डिंक तळता तळता म्हणाली, "आणि मांडी कशाला दिलीय देवानं?"

मला मात्र कोल्हापूरचा टांगा आठवला. स्टेशनावरून शिवाजी पेठेतल्या मामाच्या घरी जाताना मोठी माणसं पुढे बसायची आणि मला मागे, पाठमोरं बसवायचे. पुढच्यांना घोड्याचे कान दिसत. मला दिसे ती टांग्याखालून निघून लांब होत जाणारी सडक, आईनं केळवण आटोपून सोडलेल्या अंबाड्यासारखी उलगडत जाणारी. कुठे चाललोय ते मला ठाऊक नसे, पण काय मागे पडलं ते इत्थंभूत ठाऊक असे. कुत्रं, सायकलवाला, उसाच्या गाडीतून पडलेलं एक कांडं. चढ लागला की टांगेवाला ओरडे, "पावणं, जरा म्होरं सरका, उलाळ हुतोय!" मागे ओझं झालं की टांगा उलाळ होतो, घोड्याच्या अंगावरच्या दांड्या वर उचलल्या जातात आणि बिचारं घोडं अधांतरी लोंबकळायच्या बेताला येतं. मग सगळे पुढे झुकत. मीही पाठमोऱ्याचा पाठमोरा, होता होईल तेवढा मागे रेलून आपला हातभार लावी. टांगेवाला हसून म्हणे, "तुजं काय वजान रं? पासंगाला बी पुरायचं न्हाईस."

इकडे बेसवरच्या पाणसळीतला बुडबुडा काही जागेवर येईना. मग लक्षात आलं, अंगणालाच चढ आहे. गाडी खाली सपाट रस्त्यावर घेतली, तरी बुडबुडा दोन रेषांच्या बाहेर रेंगाळलेलाच. नवजात बाळाला साधारण पंचेचाळीस अंशांत रेलावं लागतं, नाहीतर मान पुढे पडून श्वास कोंडतो. माहितीपुस्तकात म्हटलं होतं, गरज पडल्यास टॉवेलची गुंडाळी खाली द्यावी. जावयांनी घरातले टॉवेल आणले, तर ते मेंढीएवढे गुबगुबीत. शेवटी मी बॅगेतून माझा पंचा काढला, चार धुण्यांत मऊ झालेला. गुंडाळून आत सारला आणि बुडबुडा शहाण्यासारखा दोन रेषांच्या मधोमध येऊन बसला. मग पुन्हा मी गुडघे रोवले, जावयांनी पट्टा मनगटाला गुंडाळला. चार वर्षं आम्ही एकमेकांशी हवा आणि विमानाची तिकिटं याखेरीज काही बोललो नव्हतो, तेही अहोजाहो करत. "ओढा... अजून ओढा... अरे, ओढ की लेका!" पट्टा करकरला, बेस हलायचा थांबला. दोघांनाही धाप लागली होती. तो 'लेका' तिथेच गाडीत कुठेतरी पडला. तो उचलून परत द्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

रंगीत तालमीसाठी बाळ नव्हतं. ओक ट्री रोडवरून आणलेली चार पौंडांची तूरडाळ आणि वर दोन पौंड पोहे सीटमध्ये निजवले. पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत, छातीवरची चाप काखेच्या उंचीवर असावी. डाळीला खांदे नव्हते, पोह्यांची काख सापडेना. पट्टा चिमटीत धरून पाहायचा. चुणी आली तर तो सैल. जावयांनी अकरा वेळा चिमटीत धरला. आजी दुपटं घेऊन आली, तर तिला सांगावं लागलं की पट्ट्याखाली जाड काही चालत नाही, आधी बांधायचं आणि मग वरून पांघरायचं. "असं बांधतात होय लेकराला?" असं म्हणून ती डाळीकडे अशा काही मायेनं बघत राहिली की मला तिची आमटी मागायची लाज वाटली.

नात सहा पौंड तेरा औंसांची निघाली, पोह्यांहून थोडी अवघड. लेक तिच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. जावई गाडी चालवत होते ती डोक्यावर भरली घागर असल्यासारखी. पंच्याच्या गुंडाळीवर रेललेली नात मागच्या काचेकडे तोंड करून, डोळे किलकिले करत होती. झाडं, पांढरी छपरं, वळण, दवाखाना, सगळं तिच्यासमोरून हळूहळू लहान होत होतं. घरी दारात आजी भाकरतुकडा घेऊन उभी असणार होती. गाडी अंगणाच्या चढाला लागली.

"बाबा, काय झालं?" लेकीनं घाबरून विचारलं. "असे पुढे का वाकलात? पोटात दुखतंय का?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "चढ आहे."