गोळीबंद गप्पा

"अगं ए, काय जाळतेयस सकाळपासून? पार आमच्या देवघरापर्यंत वास आलाय."

"जाळत नाहीये काकू, साखर तांबूस करतेय. या ना भिंतीपाशी, या कुंड्या जरा सरकवते."

"या वेळी साखर? कोण येणार आहे?"

"कोणी नाही हो. उद्या कोजागरी ना, गच्चीवर! ग्रुपवरचं फर्मान वाचलं नाहीत का? प्रत्येक घराचा एक पदार्थ, आणि तो घरी केलेला."

"वाचलं तर! आणि 'घरी केलेला' कोणासाठी लिहिलंय तेही कळलं. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या बाईंनी स्टीलच्या डब्यातून भाकरवडी आणली, म्हणे आजच तळली. एकूण एक वडी एका मापाची! एवढा संसार केला मी, पण माझ्या दोन वड्या कधी जुळ्या निघाल्या नाहीत."

"काकू, हळू! त्यांची खिडकी उघडी आहे."

"कुकर लावलाय त्यांनी, काही ऐकू जात नाही. तू तुझं सांग."

"सॉल्टेड कॅरमल बार करतेय. खाली खुसखुशीत बिस्किटाचा थर, मध्ये कॅरमल, वर चॉकलेटचा पापुद्रा आणि त्यावर मिठाचे बारीक खडे."

"मिठाचं मला काही वाटत नाही हो. मोदकाच्या उकडीत, पुरणपोळीच्या कणकेत चिमूटभर पडतंच की."

"पण ते आत लपून काम करतं. इथे ते उघड जिभेवर येतं."

"ते ठीक. पण वर आटीव दूध प्यायचंय ना सगळ्यांना? दुधाबरोबर मीठ विरुद्ध, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या."

"आणि रोज सकाळी दुधाच्या चहात खारी बुडवता ती?"

"…चहाचं वेगळं असतं. बरं, पुढे सांग. हे खूळ आलं कुठून?"

"फ्रान्समधून. माझा दीर नांतला असतो ना, त्यानं मागे एक डबा पाठवला होता. त्याच्याकडूनच कळलं सगळं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी म्हणून प्रांत आहे. तिथल्या किबरों गावात ऑंरी ल रू नावाच्या मिठाईवाल्यानं १९७७ मध्ये दुकान टाकलं आणि खाऱ्या लोण्यातलं कॅरमल केलं, आत बदाम-अक्रोडाची भरड घालून. १९८० मध्ये पॅरिसच्या मिठाई प्रदर्शनात त्याला फ्रान्समधली सर्वोत्तम मिठाई म्हणून मान मिळाला. मग काय, आइस्क्रीममध्ये तेच, कॉफीत तेच."

"म्हणजे माझ्या लग्नानंतरचा पदार्थ. मला वाटलं, राजेरजवाड्यांचा असेल."

"राजाचा संबंध आहेच, पण उलटा. फ्रान्सचा राजा मिठावर जबर कर घ्यायचा, गॅबेल म्हणत त्याला. ब्रिटनीला मात्र त्यातून माफी होती. त्यामुळे तिथे मीठ स्वस्त आणि शेजारच्या प्रांतात कितीतरी पट महाग. लोक सीमेवरून मीठ चोरून न्यायचे! क्रांतीनंतर १७९० मध्ये तो कर गेला. पण तोवर ब्रिटनीच्या घरोघरी लोण्यात मीठ घालायची रीत मुरली होती. बाकी फ्रान्स अळणी लोणी खातो, हे आपले खारं."

"मिठावरचा कर मला नको सांगूस. माहेर शिरोड्याचं आहे माझं. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला आमच्याकडे. मिठागरात उतरून मूठभर मीठ उचलायचं, की वरून लाठ्या. लहानपणापासून ऐकत आलेय. मिठाचा खडा सांडला तर आमच्याकडे पायाखाली येऊ देत नाहीत."

"अय्या, मग हे तर तुमच्याकडूनच घ्यायला हवं होतं! मी ऑनलाइन बघत होते, तिथल्या पापुद्र्याच्या मिठाची चिमुकली डबी केवढ्याला आहे माहितीये?"

"काही मागवू नकोस. भावानं गावाहून खडे मीठ पाठवलंय, बरणीभर आहे. खलबत्त्यात दोन ठोके दे. पीठ नको करूस, रव्याहून जाड ठेव. आणि पुडीतलं बारीक मीठ वरून भुरभुरवू नकोस. ते विरघळून जाईल आणि सगळं नुसतं खारट लागेल."

"खडा दाताखाली आला पाहिजे, बरोबर. लोण्याचं म्हणाल तर मी अमूल बटरच घेतलंय. ते मुळात खारंच असतं ना, त्यामुळे आत वेगळं मीठ घालायचं नाही."

"म्हणजे आम्ही पोरांच्या पोळीला ब्रिटनीचं लोणी लावत होतो की! आणि खालचं बिस्कीट?"

"एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. मी साठ ग्रॅम, एकशेवीस आणि एकशेऐंशी घेतलंय, वीस सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेला. पाणी नाही, अंडं नाही. हातानं चुरायचं, ट्रेमध्ये वाटीच्या बुडानं दाबायचं, काट्यानं टोचायचं. ओटीजीत १७० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, फिकट सोनेरी होईपर्यंत."

"नानकटाईची चुलत बहीण झाली ही. अंडं नाही ते बरं केलंस, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या आजी आधी 'यात ते नाही ना?' विचारतात आणि मग वास घेतात."

"कॅरमलला मात्र डोळा ठेवावा लागतो. जाड बुडाच्या पातेल्यात दोनशे ग्रॅम साखर कोरडीच वितळवतेय. चमचा घालायचा नाही, पातेलंच हलवायचं."

"चमच्यानं साखर गोळा धरते. पाकातसुद्धा एक दाणा कडेला चिकटला की सगळा पाक खडीसाखरेसारखा बसतो, म्हणून तर आम्ही लिंबाचे चार थेंब पिळतो."

"तेच तत्त्व! साखर १७० अंशांच्या पुढे गेली की तांब्यासारखा रंग येतो. आणखी दमलं तर कडू. त्या क्षणी शंभर ग्रॅम बटर आणि पाकिटातलं दोनशे मिली फ्रेश क्रीम. क्रीम आधी कोमट केलेलं हवं, गार ओतलं तर पातेलं उसळतं."

"लांब उभी राहा, साखरेचा चटका तेलापेक्षा वाईट, चिकटून बसतो. मग उतरवायचं कधी?"

"११८ अंशांना. क्रीममधलं पाणी आटत जातं तसं तापमान चढतं. थर्मामीटर मागवलाय, आज यायचाय."

"थर्मामीटर कशाला? वाटीत गार पाणी घे आणि थेंब सोड. पसरला तर कच्चं. बोटांनी गोळा करून मऊसर गोळी वळली आणि तिनं आकार धरला, की झालं. गोळीबंद पाक म्हणतात त्याला! पुढे गेलीस आणि गोळी ताटलीवर टण् वाजली, तर ती चिक्की. मग तुझे बार बत्त्यानं फोडायचे गच्चीवर."

"काकू, तुम्ही इकडेच या ना! तो टण् आवाज म्हणजे दीडशे अंश, पुस्तकात अगदी असंच दिलंय."

"पुस्तकवाल्यांनाही कुणाच्या तरी काकूनंच सांगितलं असेल. आणि वाटायचं कसं ते ठरवलंस का? तिथे खरी गंमत आहे."

"पाच बाय पाच, पंचवीस तुकडे. चॉकलेट अर्धवट घट्ट झालं की गरम सुरीनं कापायचं, पूर्ण गोठलं तर तडकतं."

"घरं अठरा. म्हणजे सात शिल्लक. लहान कापलेस हे शहाणपण केलंस हो. नुसतं गोड असतं तर एकावर तोंडाला मिठी बसली असती. मिठामुळे हात आपोआप दुसऱ्याकडे जाणार. ताट मध्ये ठेवू नकोस. तू स्वतः फिरव."

"अण्णांना साखर आहे, त्यांना अर्धाच देते."

"अर्धा दिलास तर ते दुसरा अर्धा उरलाय हे लक्षात ठेवतील. अख्खा दे आणि वहिनींना नजरेनं सांग. सेक्रेटरींना मात्र दोन."

"का?"

"उन्हाळ्यात टँकर कोणाच्या टाकीला आधी लागतो? आणि कोपऱ्यावरच्या बाईंनाही दोन."

"त्यांना? आत्ता तर तुम्ही…"

"तू बघशील, खाल्ल्याबरोबर विचारतील कुठल्या बेकरीतून आणलंस. तेव्हा तू काही बोलू नकोस, मी बोलेन. वर्षभर थांबलेय त्या एका वाक्यासाठी."

"आणि उरलेले?"

"उरलेले उरत नसतात. आता जा, साखर बघ, रंग पालटला असेल. मी मीठ घेऊन येतेच. आणि ऐक, तुकडे चौकोनी दिसावेत म्हणून चारही बाजूंच्या कडा छाटशील ना? त्या कोणाला दाखवू नकोस. मिठाबरोबर मी वाटीही आणतेय."