‘सगळ्या डिस्क सारख्याच’ म्हणणाऱ्या दुकानदारास अनावृत पत्र

श्रीमान कॉम्प्युटरवाले शेठ यांसी,

स. न. वि. वि.

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ एडिट करायला नवा कॉम्प्युटर हवा, एवढंच मी म्हणालो होतो. कॅबिनेटमधले दिवे लाल हवेत की निळे, यावर आपण माझ्याशी सविस्तर चर्चा केलीत. माझी सगळी रोजीरोटी ज्या डिस्कवर राहणार, तिचा निकाल मात्र एका वाक्यात लावलात: ‘एक टीबी एसएसडी टाकतो, रॉकेट पळेल.’ गिऱ्हाइकाच्या वेळेची इतकी कदर हल्ली कोण करतं?

‘पण कुठली एसएसडी?’ या माझ्या अडाणी प्रश्नावर ‘सगळ्या सारख्याच असतात’ असं आपण प्रेमाने समजावलंत. दिसतात खऱ्या सारख्या. मदरबोर्डच्या एम-टू खाचेत बसणारी पट्टी साटा असो की एनव्हीएमई, रुंदी तीच २२ मिलिमीटर. फरक इतकाच की साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते आणि चांगली एनव्हीएमई ३,००० च्या पुढे जाते. असले भेदभाव न मानण्याचा आपला उदार बाणा मला फार भावला. बिलातही आपण भेद केला नाहीत. साटा दिलीत, ती एनव्हीएमईच्याच भावाने.

दुकानातलं प्रात्यक्षिक तर अविस्मरणीय. छोटी फाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत कॉपी! घरी एका लग्नाचं चित्रीकरण टाकलं. थोडा वेळ रॉकेट पळालं, मग रांगू लागलं. पट्टी क्यूएलसी निघाली. तिच्या प्रत्येक सेलमध्ये चार बिट कोंबलेले, म्हणजे विजेच्या सोळा पातळ्या ओळखायच्या. टीएलसीत तीनच बिट, आठ पातळ्या. क्यूएलसीचं लिहिणं मंद आणि झीज लवकर. ते झाकायला थोडी जागा वेगवान कॅश म्हणून वापरतात, आणि खोक्यावर छापलेला वेग असतो तो त्या कॅशचा. कॅश भरली, तसा वेग फिरत्या हार्ड डिस्कच्याही खाली आला. नवरी मांडवपरतणीला माहेरी येऊन गेली, तरी तिचे सप्तपदीचे व्हिडिओ कॉपी होतच होते.

साठवणीला म्हणून आपण आग्रहाने एक मोठी फिरती हार्ड डिस्कही गळ्यात घातलीत. ती एसएमआर आहे, हे सांगून माझं मन दुखावलं नाहीत, हा आपला चांगुलपणा. तिच्यावरचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात; मधलं एक बदलायचं तर पुढचीही उचलून पुन्हा बसवावी लागतात. भरून ठेवून द्यायला ठीक, रोज खोडून लिहायला छळ. पण न सांगण्याची ही परंपरा थोरांची आहे. अशा डिस्क गाजावाजा न करता बाजारात आणल्याचं २०२० साली वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिघांनाही मान्य करावं लागलं होतं. आपण थोरांच्याच पावलांवर चालत आहात.

शिवाय डिस्क अनुभवी निघाली! तिची प्रकृती तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर कोऱ्या खोक्यातून आलेल्या या बाईसाहेब आधीच हजारो तास नोकरी करून आलेल्या. २०२५ साली जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या, तेव्हा लबाडांनी निदान चाललेल्या तासांची नोंद तरी पुसली होती. आपण तेवढेही कष्ट घेतले नाहीत. या पारदर्शकतेबद्दल मी आपला ऋणी आहे.

एका बाबतीत मात्र आपण निर्दोष आहात. एक टीबीच्या जागी विंडोज ९३१ जीबी दाखवतं, तो फरक मोजण्याच्या पद्धतीतला. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. गंमत म्हणजे आपण ओशाळलेले दिसलात ते नेमके तिथेच.

आपल्या बिलाचा संक्षेप तर शिकण्यासारखा: ‘एसएसडी, १ नग.’ ना मॉडेल, ना सिरियल नंबर. वॉरंटीचं विचारलं, तर ‘कंपनी देते ना!’ देते, शेठ. सिरियल नंबर दाखवला तर. आणि देते तीही फक्त बदली डिस्क. लोकांची लग्नं कोण पुन्हा लावून देणार?

आता एक नम्र विनंती. उद्या एखादं आगाऊ गिऱ्हाईक विचारेल: साटा की एनव्हीएमई? टीएलसी की क्यूएलसी? फिरती असेल, तर सीएमआर (म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढलेली) की एसएमआर? टीबीडब्ल्यू किती? (एक टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला साधारण ६०० टीबी लिहिण्याची किंवा ५ वर्षांची हमी असते.) कुठलीही डिस्क कधीतरी दगा देणारच, म्हणून ते बॅकअपसाठी वेगळी डिस्कही मागेल. कृपया रागावू नये. त्याला समोरच्या दुकानातही पाठवू नये. तिथेही सगळ्या सारख्याच असतात.

कळावे. लोभ आहेच, यापुढे तो बिलात वेगळा दाखवावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक गिऱ्हाईक