रेड्याचा रीच

आळे गावात ज्या रेड्याची समाधी आहे, त्यानं आयुष्यात एकच कार्यक्रम केला. पैठणला, ब्रह्मवृंदासमोर, तोही आयत्या वेळी. पोस्टर नाही, प्रोमो नाही, ‘लवकरच येत आहे’ नाही. ज्ञानेश्वरांनी मस्तकावर हात ठेवला, रेड्यानं वेद म्हटले आणि विषय संपला. पुढं तो भावंडांबरोबर चालत राहिला आणि आळंदीच्या वाटेवर आळ्यात त्यानं देह ठेवला, असं परंपरा सांगते. त्याला सातशेहून अधिक वर्षं उलटली, तरी लोक अजून दर्शनाला येतात. प्रसिद्धीच्या धंद्यातला कुठलाही माणूस हे ऐकून बेचैन होईल. एवढं मोठं काम झालं आणि कमिशन कुणालाच नाही!

तोच रेडा आज बोलला असता, तर पैठणहून निघायच्या आत त्याला पुण्याहून फोन आला असता. फोनवरच्या पोरानं आधी ‘सर’ म्हटलं असतं आणि दुसऱ्या वाक्याला ‘ब्रो’. “ब्रो, वेद लांब पडतात. पहिल्या तीन सेकंदांत माणूस अडकला पाहिजे. आधी हंबरून घ्या, मग एक ऋचा, तीही अर्धी. आणि ‘रेडा’ हे नाव चालणार नाही, ‘बफेलो बीट्स’ करू. ब्रह्मवृंद नाराज आहे म्हणता? उत्तम! वाद फुकटात मिळतोय. तो पेटवत ठेवायचं आमच्याकडं वेगळं पॅकेज आहे.” पॅकेजं तीन: सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. वर अठरा टक्के जीएसटी. रेड्यानं काय उत्तर दिलं असतं ते सांगता येत नाही, पण वेद येणारा प्राणी पॅकेज घेईल असं वाटत नाही.

माणसं घेतात. जुन्नर-आंबेगावात बिबट्यांच्या खालोखाल काही वाढलं असेल, तर कलावंतांचे यूट्यूब चॅनेल. एका वाडीला एक शाहीर, दोन गायक, एक बेंजो पार्टी आणि ड्रोन असलेला एक भाचा. उसातला बिबट्या निदान रात्री येतो. प्रसिद्धीवाला भरदुपारी येतो, आणि पिंजरा लावायची सोय नाही.

आमच्याकडचे एक भजनी बुवा आहेत. नाव छापू नका म्हणाले. “एवढं पैसं देऊन छापून आलं न्हाई, ते आता फुकटात कशाला?” बुवांनी तीन अभंग रेकॉर्ड केले. पेटी स्वतःची, पखवाज भावकीतला, स्टुडिओ भाड्याचा. गाणी चांगली झाली होती, हे मी ओळखीपोटी सांगत नाही. मग कुणीतरी सांगितलं की नुसतं गाऊन भागत नाही, एजन्सी लावावी लागते. बुवांनी कांदा विकून आलेल्या पैशातून एजन्सी लावली. त्या वर्षी कांद्याला भाव बरा होता, म्हणून गोल्ड घेतलं.

एजन्सीनं सर्वांत आधी बुवांचा परिचय लिहिला. ‘सह्याद्रीच्या कुशीत उमललेला, मातीच्या गंधाशी नातं सांगणारा स्वर.’ बुवा हरखले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या बेंजो पार्टीनं त्यांचा परिचय दाखवला. त्यांचाही स्वर सह्याद्रीच्या कुशीतच उमलला होता. नंतर एका बँडच्या ट्रम्पेटवाल्याचा परिचय आला. त्यात तिसऱ्या ओळीत चुकून बुवांचंच नाव राहून गेलं होतं, त्यामुळं ट्रम्पेटवाला बालपणापासून हरिपाठ म्हणतो, ही नवी माहिती त्याच्या बायकोला मिळाली.

महिन्यानं अहवाल आला. रंगीत, बारा पानी, सगळीकडं वर चढणारे बाण. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात इम्प्रेशनचा आकडा. बुवांनी फोन लावला.

“इम्प्रेशन म्हंजी माणूस का?”

“नाही सर. इम्प्रेशन म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोरून गेलं.”

“थांबलं का कुणी?”

“तसं नाही सर. समोरून गेलं.”

“आरं बाबा, समोरनं तर यश्टीबी जाती!”

बुवांचा मुद्दा बिनतोड आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना कापतात. त्या चौकातल्या पानटपरीसमोरून दिवसाकाठी जेवढी माणसं जातात, त्या हिशेबानं टपरीवाला राज्यातला आघाडीचा कलावंत आहे. त्याला अजून कळवलेलं नाही.

अहवालात पुढं श्रोत्यांचे देश दिले होते. बुवांचे अभंग सर्वाधिक ऐकले गेले ते फिनलंडात. तिथं ते रात्री दोन ते चार या वेळात, प्रत्येकी एकतीस सेकंद ऐकले जात आणि एकतीस सेकंद झाले की सगळे श्रोते एकदम उठून जात. बुवांनी आयुष्यभर कीर्तनं केली आहेत, मंडपातून उठून जाणारी माणसं त्यांना नवी नाहीत. पण एवढी शिस्तीत उठणारी त्यांनी पाहिली नव्हती. आमच्या शेजारी खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेली क्षीण लहर तिला ऐकू येते. बुवांचा फिनलंडमधला श्रोता तिलाही सापडणार नाही.

एकतीसच सेकंद का, याचं उत्तर मात्र पृथ्वीवरच मिळतं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं तीस सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून धरतात. म्हणून यंत्रं तीस सेकंद इमानदारीनं ऐकतात, वर एक सेकंद शिष्टाचाराचा. कंपनीलाही हे ठाऊक आहे. 2024 पासून वर्षभरात हजारदा न वाजलेल्या गाण्याला तिथं मानधन नाही, आणि उघड उघड खोटं ऐकणं पकडलं गेलं तर दंड गाणं चढवणाऱ्या वितरकाकडून घेतात. वितरक तो कुणाकडून घेणार? अर्थात बुवांकडून. एजन्सीनं यंत्रं बसवली, कंपनीनं यंत्रं पकडली आणि गाणं उतरवलं गेलं ते तुकोबांचं. मधल्या मधे बुवांना इंग्रजीत पत्र आलं, ते गावात तिघांनी वाचलं आणि तिघांनी तीन अर्थ सांगितले.

एजन्सीचा पोरगा म्हणाला, “सर, आपण प्लॅटिनमला असता तर हे झालं नसतं.”

या धंद्याचं सगळं मर्म या वाक्यात आहे. आपण समजतो की एजन्सी गायकाला लोकांपुढं नेते. तिला लोकांशी काही देणंघेणं नसतं. ती एक खेळ लावते, त्याचा प्रेक्षक एकटा गायक. परिचय त्याच्यासाठी, आकडे त्याच्यासाठी, वर चढणारे बाण त्याच्यासाठी, शाबासकी देणारी खोटी खातीही त्याच्याचसाठी. कुणी न वाचणाऱ्या एखाद्या पोर्टलवर ‘उगवता तारा’ म्हणून बातमी येते, ती उघडून पाहणारा आणि भावकीच्या ग्रुपवर टाकणाराही तोच. एका माणसासाठी एवढा सरंजाम मांडायचा आणि त्याच्याचकडून सगळ्या कनातीचं तिकीट घ्यायचं. कलावंतांना प्रेक्षक मिळवून देण्याचं सोंग घेऊन या मंडळींनी स्वतःसाठी जगातला सर्वोत्तम प्रेक्षक मिळवला आहे. तो उठून जात नाही.

हे खेड्यातल्या भाबड्या माणसांचंच होतं असं मुंबईकरांनी समजू नये. जुलै 2020 मध्ये भूमी त्रिवेदी या पार्श्वगायिकेनं आपल्या नावानं कुणीतरी बनावट इन्स्टाग्राम खातं चालवतंय अशी तक्रार केली. मुंबई पोलिसांनी ते सूत ओढलं, तर टोकाला फॉलोअर आणि लाइक घाऊक भावात विकणारं दुकान निघालं. त्याच्या आदल्या वर्षी रॅपर बादशहाच्या एका गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा विक्रम जाहीर झाला होता. त्यात जाहिरातीतून आणलेले व्ह्यूज किती, यावरून एवढी चर्चा झाली की यूट्यूबनं सप्टेंबर 2019 मध्ये नियमच बदलला: पैसे देऊन आणलेले व्ह्यूज यापुढं चोवीस तासांच्या विक्रमात धरायचे नाहीत. म्हणजे त्याआधी धरत होते. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतसुद्धा हे एवढं उघड चालत नाही.

आणि हे सगळं घडतं कुठं? नारायणगावापासून हाकेच्या अंतरावर. कलावंतांनी स्वतःला कसं विकावं, हे महाराष्ट्राला शिकवणारं गाव ते. पाडव्याच्या आधी तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. फडाच्या नावाची पाटी, सतरंजी आणि वही. चैत्रातल्या यात्रा-जत्रांसाठी गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, सुपारी घासाघीस करून ठरवतात, इसार देतात, तारीख वहीत पडते. फडात कोण नाचतं, कोण गातं, वग कुठला, गेल्या साली अमक्या गावात काय गोंधळ झाला, हे सगळं पंचांना तोंडपाठ. तिथं ‘रीच’ दाखवून सुपारी वाढवून मागितली, तर पंच विचारतील, “ह्यातलं आपल्या तालुक्यातलं किती?” आमच्या ट्रम्पेटवाल्याला नेमकं हेच विचारलं गेलं. त्याच्याकडं वीस हजार फॉलोअर होते. मोबाइल पंचांच्या हातोहात फिरला. एकाही फॉलोअरचं आडनाव ओळखीचं निघेना. शेवटी एक आजोबा म्हणाले, “ह्यांस्नी जेवायला घालायचं झालं तर पंगत कुठं बसवायची?”

तमाशाची जाहिरातही होती, नाही असं नाही. जीपवर भोंगा, रंगीत पोस्टर, ‘आज रात्री ठीक नऊ वाजता’ म्हणून साडेदहाला सुरू होणारा खेळ. अतिशयोक्ती भरपूर. प्रत्येक फड ‘महाराष्ट्रातील एकमेव’. पण भोंगा आपल्या गल्लीतून गेला की नाही, हे कळायला डॅशबोर्ड लागत नव्हता. रात्री कनात भरली की नाही, ते फडमालकाला पडद्याआडून दिसत होतं. लोक नाराज झाले तर तेही लगेच कळायचं, कधी कधी दगडाच्या रूपात. याला आता ‘फीडबॅक’ म्हणतात, आणि तो फॉर्म भरून द्यावा लागतो.

जुना जमाना सोन्याचा होता, असं मात्र नारायणगावात उभं राहून कुणाला म्हणता येणार नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. नाव पोस्टरवर असलं की पुरे. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि नाळ दगडानं ठेचून पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या, ही त्यांची हकिगत मराठी माणसाला ठाऊक आहे. आजच्या एजन्सीनं ऐकली तर पहिला प्रश्न विचारील, “शूट कुणी केलंय का?” 1957 आणि 1990 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. 2002 साली त्या गेल्या, त्या हलाखीत. पुढं 2006 पासून राज्य शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देऊ लागलं. प्रसिद्धीसंस्था म्हणून सरकारचा अनुभव दांडगा आहे, त्यांचं मरणोत्तर पॅकेज कधी फसत नाही. अडचण एवढीच की त्यात सिल्व्हर मिळत नाही.

बुवांचं म्हणाल तर त्यांनी पैसे परत मागितले. एजन्सीनं सांगितलं की करारात ‘प्रयत्न’ विकले आहेत, ‘फळ’ नाही, आणि हे तुमच्या गीतेतच लिहिलंय. कीर्तनकाराला गीता ऐकवणारी एजन्सी हिमतीची म्हटली पाहिजे. त्यानंतर तिनं स्वतःच्या जाहिरातीत बुवांचा फोटो टाकला. खाली ओळ: ‘आळ्यातून थेट फिनलंड!’ ती जाहिरात पाहून ओतूरच्या एका गवळणवाल्यानं गोल्ड घेतलं. एजन्सीला जाहिरात येत नाही, असं कुणी म्हणू नये.

मग बुवांच्या ओळखीतला, तमाशाच्या राहुटीत वही सांभाळून केस पिकवलेला एक व्यवस्थापक मधे पडला. त्यानं फोन हातात घेतला आणि पोराला सरळ सुपारी दिली. “आमच्या अटी ऐका. इसार हजार रुपये, आत्ता. बाकीचं कार्यक्रमाच्या रात्री. बुवा देवळासमोर गातील. तुम्ही बोलावलेली माणसं तुम्ही आणायची, फिनलंडची असली तरी चालतील. पंच मोजतील. डोकं दिसलं की डोक्यामागं रोख. पाऊस आला तर तुमचं-आमचं निम्मं-निम्मं.”

पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पोरानं विचारलं, मोजताना इम्प्रेशन धरणार का. व्यवस्थापक म्हणाला, “चपला धरू. देवळाबाहेर जेवढे जोड, तेवढे श्रोते. त्यात बनावट निघत न्हाई, हरवतात तेवढे.”

पोरगा म्हणाला, टीमशी बोलून सोमवारी स्वतः येतो, लोकेशन पाठवून ठेवा. लोकेशन पाठवलं. तो आला नाही. त्या सोमवारी आळेफाट्यावर गाड्यांची रांग लागली होती, एवढं मात्र त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.