टायर किती चालला?

रोड सायकल नवी घेतलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस गिअरचं कौतुक असतं, पुढचे पंधरा दिवस बूड दुखतं, आणि दुसऱ्या महिन्यात कधीतरी तो चार जाणत्या सायकलस्वारांना विचारतो, "टायर किती चालतो हो?" एक म्हणतो, अडीच हजार किलोमीटर. दुसरा म्हणतो, पाच हजार, पण जपून चालवलात तर. तिसरा आठ हजारांच्या खाली बोलायलाच तयार नसतो. चौथा "माझा अजून पहिलाच आहे" एवढं बोलून चहाचा घोट घेतो. यातलं कुणीही खोटं बोलत नाही, हीच खरी पंचाईत आहे. गॅसचा सिलिंडर किती दिवस जातो, असं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारून पाहा. आकडा मिळण्याआधी उलटतपासणी होईल: घरात माणसं किती, आंघोळीचं पाणी कशावर तापतं, चहा किती वेळा, आणि डाळ कुकरमध्ये शिजवलेली चालते की सासऱ्यांना पातेल्यातलीच लागते. टायरच्या बाबतीत मात्र आपण उलटतपासणी न घेताच आकडा मागतो आणि समोरचा बिनदिक्कत देतो. माझं म्हणणं असं की टायरचं आयुष्य किलोमीटरमध्ये सांगणं म्हणजे सिलिंडरचं आयुष्य पोळ्यांमध्ये सांगणं. आकडा निघतो, पण तो त्या घराचा असतो, सिलिंडरचा नसतो.

आता आकड्यांशी माझं वैर आहे असं कुणी समजू नये, म्हणून एक हिशेब करून दाखवतो. रोड सायकलला हल्ली सर्रास दिसणारा ७०० बाय २५ चा टायर घ्या. त्याचा परीघ साधारण २.१ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे पावणेपाचशे फेरे आणि पाच हजार किलोमीटरला जवळजवळ चोवीस लाख. त्याच्या मधल्या पट्ट्यावर झिजायला मिळणारं रबर असतं दोनेक मिलिमीटर. भागाकार केला तर एका फेऱ्यात झिजतं एका नॅनोमीटरहूनही कमी, आणि माणसाच्या डोक्यावरचा केस असतो ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड. इतक्या काटकसरीने आपल्याकडे पेन्शनसुद्धा कुणी खर्च करत नाही. ही झीज दर फेऱ्याला सारखी झाली असती तर टायरच्या अंगावर मुदत छापता आली असती, दुधाच्या पिशवीवर छापतात तशी. पण सायकलला चाकं दोन असतात, आणि दोन भावांसारखं त्यांचंही नशीब सारखं नसतं.

रोड सायकलवर वाकून बसलं तरी वजनाचा मोठा वाटा, ढोबळमानाने साठ टक्के, मागच्या चाकावर जातो. वर साखळीची सगळी ओढही त्यालाच. घाट चढताना आपण दात-ओठ खाऊन जे पेडल मारतो ते सगळं त्या अंगठ्याएवढ्या जागेतून रस्त्यावर उतरतं, आणि उतरताना दरवेळी कणभर घसरतं. म्हणून मागचा टायर मधोमध सपाट होत जातो; गोल पाठीचा टायर हळूहळू पाटासारखा चौकोनी दिसायला लागतो. त्याच वेळी पुढचा मात्र कालच दुकानातून आणल्यासारखा मिरवत असतो. पुढचा मागच्याच्या दुप्पट, कधी तिप्पट टिकतो. तेव्हा टायर किती चालतो या प्रश्नावर पहिला उलटा प्रश्न हवा: कुठला? इथे चाणाक्ष वाचक म्हणेल की ब्रेक लावताना तर सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मग पुढचा का झिजत नाही? येतो खरा. पण ब्रेकची झीज सोसतात ब्रेकचे पॅड आणि रिम किंवा डिस्क. टायर रस्त्याला धरून असेल तोवर त्याचं फारसं काही जात नाही. जातं ते घासत सरकला तर. आणि सरकतो तो मागचाच, कारण ब्रेक दाबला की भार पुढे पळतो, मागचं चाक हलकं होतं आणि मागचा ब्रेक करकचून धरला असेल तर जागच्या जागी अडकून फरपटतं. कुत्रं आडवं आलं म्हणून मारलेला एक असा ब्रेक टायरच्या एकाच जागी कित्येक दिवसांची कमाई खाऊन टाकतो. कुत्रं शेपूट हलवत निघून जातं, आणि टायरवर त्याच्या आठवणीचा एक सपाट चट्टा कायमचा राहतो.

मग पुष्कळांना मोटारीची अक्कल सुचते. गाडीचे टायर आपण मागेपुढे फिरवतो, तसे सायकलचेही फिरवावेत म्हणजे दोन्ही सारखे झिजतील. ऐकायला फार समंजस वाटतं. पण मॅसॅच्युसेट्समधले शेल्डन ब्राउन नावाचे जे मेकॅनिक २००८ साली वारले आणि ज्यांचा शब्द सायकलवाल्यांत अजून प्रमाण मानतात, त्यांचं यावर स्पष्ट मत होतं: असं करू नका. मागचा टायर फुटला तर सायकल डुलते, माणूस सावरतो. पुढचा फुटला तर हँडल हातात राहतं, पण त्याचं ऐकणारं कुणी उरत नाही. म्हणून झिजलेला टायर पुढे कधीच आणायचा नाही. मागचा संपला की पुढचा काढून मागे घालायचा आणि कोरा टायर पुढे. हे आपल्या मनाला पटायला जड जातं, कारण आपल्या कचेऱ्यांत नेमका उलटा रिवाज: नवीन माणसाला कोपऱ्यातलं डगमगतं टेबल आणि जो पुरता झिजलाय त्याला समोरची केबिन. सायकलमध्ये बढती मिळाली की मागे जावं लागतं.

किलोमीटरच्या आकड्याला खरा धक्का देतो तो ट्रेनर. पावसाळ्यात मुळशीकडच्या रस्त्यावर जायची हिंमत न होणारे लोक सायकलचं मागचं चाक घरातच एका रुळावर टेकवून, पंखा लावून, तासभर घाम गाळतात. टायर त्या रुळावर घासून तापतो आणि रस्त्यापेक्षा लवकर झिजतो. त्यासाठी वेगळे कडक रबराचे टायरसुद्धा मिळतात. आता या टायरने कापलेलं अंतर किती? अ‍ॅपच्या मते चाळीस किलोमीटर. घरच्यांच्या मते शून्य, आणि त्यात दिवाणखान्याच्या फरशीवर काळा भुगा. दुसऱ्या टोकाला रविवारचा स्वार. महिन्यातून दोनदा, हवा चांगली असेल तर, चाळीस किलोमीटर. म्हणजे वर्षाला हजारसुद्धा भरत नाहीत. त्याचा टायर झिजून जाण्याचा योगच नसतो. तो म्हातारपणाने जातो. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात, आणि पाच-सहा वर्षांनी नक्षी शाबूत असलेला टायर आतून पार वठलेला असतो. सायकल बाल्कनीत उन्हात उभी असेल तर त्याहूनही लवकर. आणि या दोघांच्या मधे आपले रस्ते आहेत, आणि रस्त्यांवर काचा. टायर कापला गेला तर त्याच्या उरलेल्या तीन हजार किलोमीटरला कोण विचारतो? पावसात तर काच अधिकच सहज शिरते, कारण पाणी तिला वंगणासारखं लागतं. पाऊस थांबल्यावर टायर जवळून बघा. मधल्या पट्ट्यावर नखाच्या कोरीएवढी चीर दिसेल, दाबली की तिचं तोंड उघडेल, आणि आत बाजरीच्या दाण्याएवढी काच चमकत असेल. ती आज ट्यूबपर्यंत पोहोचलेली नसते. चोवीस लाख फेऱ्यांतला प्रत्येक फेरा तिला एकेक थाप देऊन आत ढकलत असतो. टोकदार काहीतरी घेऊन ती कोरून काढली तर टायर आणखी काही महिने जातो, नाही काढली तर बुधवारी पहाटे साडेपाचला, घरापासून पंचवीस किलोमीटरवर, जातो.

यावर शिकलेला माणूस म्हणेल की कंपन्या काय मूर्ख आहेत? त्या आकडे देतातच की. देतात ना. श्वाल्बे ही जर्मन कंपनी आपल्या मॅरेथॉन जातीच्या दणकट टायरला सहा ते बारा हजार किलोमीटर सांगते. सहा ते बारा! लग्नाला पाहुणे सहाशे ते बाराशे येतील असं कुणी आचाऱ्याला सांगितलं तर तो पळी ठेवून घरी जाईल. कॉन्टिनेन्टलने मात्र माझ्या मते शहाणपणा केला: आपल्या रोडच्या टायरवर मधोमध दोन बारीक खळगे ठेवले. खळगे दिसेनासे झाले की टायर संपला. त्याच्याशी किलोमीटरचा काही संबंध नाही. खळगा म्हणतो, मला बघा. आता हे बघणारा माणूस खरेदीच्या दिवशी डोळ्यांत तेल घालून बघतो आणि बदलण्याची वेळ आली की चष्मा काढून ठेवतो, हा खळग्याचा दोष नाही. "अजून अंधुक दिसतोय" असं म्हणत त्याने आणखी सहाशे किलोमीटर काढलेले असतात.

खरं तर गोटा झालेल्या टायरबद्दल आपल्या मनात जी भीती आहे तीच चुकीच्या जागी आहे. गोटा टायर पावसात घसरतो हे मोटारीला खरं, सायकलला नाही. मोटारीच्या रुंद टायरखाली पाणी साचतं आणि गाडी तरंगते. सायकलच्या अरुंद, कडक फुगवलेल्या टायरला तसं तरंगायला ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पळावं लागेल, आणि त्या वेगात टायर ही चिंता पहिल्या पाचांत येणार नाही. सायकलच्या चाकावर १९८१ साली अख्खं पुस्तक लिहिणारे अभियंते जोब्स्ट ब्रँट तर रस्त्यासाठी मुळातच बिननक्षीचा टायर चांगला, असं हिरिरीने मांडत. आणखी गंमत म्हणजे रबर पातळ होत जातं तसा टायर हलका पळतो, त्यामुळे तो मरणाच्या दारात असतो तेव्हाच सगळ्यात वेगवान असतो. मालकाला वाटतं, आपली तब्येत सुधारली. गोट्याचा खरा गुन्हा वेगळाच आहे: काच आणि ट्यूब यांच्यामधला पहारेकरी आता नुसत्या बनियनवर उभा आहे. म्हणून खळगे बघायचे नसतील तर पंक्चर मोजा. वर्षात दोन झाली तर ते नशीब. एका आठवड्यात तीन झाली, तर टायर राजीनामा लिहून तुमच्या सहीची वाट बघतोय. दोरे दिसायला लागले की मग सहीचीही गरज उरत नाही.

राहता राहिला पैशाचा आक्षेप, आणि मराठी माणसाच्या तोंडून तो सगळ्यात शेवटी आला तरी मनात सगळ्यात आधी आलेला असतो. समजा, चांगला टायर चार हजारांना. मागचा चार हजार किलोमीटर गेला, पुढचा आठ. म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. मोटारीचे चार टायर वीस हजारांचे धरले आणि ते चाळीस हजार किलोमीटर गेले, तर किलोमीटरला आठ आणे. म्हणजे सायकल पेट्रोल पीत नाही हे खरं, पण टायर खाते मोटारीच्या तिप्पट. मग तो दणकट, जाडजूड टायरच का घालू नये? अवश्य घालावा. माझी काहीच हरकत नाही. फक्त दोनशे ग्रॅम वाचवायला ज्याने महागडी कार्बनची सायकल घेतली, त्याला हे सुचवताना मधे एक टेबल असू द्यावं. ज्यांना खरोखर लांब जायचं असतं त्यांचा हिशेबच निराळा. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पार करून आले, ते अंतर होतं ४८०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपण ज्या आकड्यावरून कट्ट्यावर वाद घालतो, त्या एका टायरभर आयुष्यात अमेरिकेच्या या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जाता येतं.

दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा टायर या हिशेबात बसतच नाही, कारण तो संपला असं कुणी कधी जाहीरच करत नसे. कापला तर आत गेटर, म्हणजे जुन्या टायरचं ठिगळ, टाकायचं. तेही फाटलं की टायर उतरवायचा, तो पत्र्याच्या छपरावर वजन म्हणून जायचा, नाहीतर पोरांच्या हाती लागायचा. मग एक काठी, एक चड्डी आणि उतारावरची गल्ली. सायकल नाही, ट्यूब नाही, हवा नाही, आणि तरी तो धावत असे. हे किलोमीटर कुठल्याच अ‍ॅपमध्ये नोंदलेले नाहीत. आजच्या हलक्या फोल्डिंग टायरला कडेला तारच नसते, तिच्या जागी ॲरॅमिडचा मऊ धागा असतो. दुकानात तो घडी करून, साडीसारखा डब्यात मिळतो. चाकावरून उतरवून त्याला उभा केला आणि काठी मारली, तर तो तिथल्या तिथे मान टाकतो.