दिल्लीची मोहीम

मराठी घरात दिल्लीला जायचा विषय निघाला की माळ्यावरून बॅगा निघत नाहीत, आधी इतिहास निघतो. आमच्याकडे अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि थेट १७३७ साली जाऊन पोचले. "बाजीराव! मोगली फौजांना बगल देऊन एकदम दिल्लीच्या वेशीवर. तालकटोऱ्यापाशी लढाई दिली. आणि तुम्हाला सहा माणसांची तिकिटं काढायला महिना लागतो!"

बाजीरावाबरोबर आत्या नव्हती, हे मी मनातल्या मनात म्हटलं. आत्या समोरच बसली होती.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. वय पंचाहत्तरीकडे, गुडघे त्याहून थोडे मोठे. तिच्या अटी तीन. जिने चढणार नाही, कांदा-लसूण खाणार नाही आणि संकष्टीला प्रवास करणार नाही. यावर अण्णा बाजीरावाचं आणखी काही सांगणार, तेवढ्यात मी त्यांना १७६० ची आठवण करून दिली. उत्तरेकडे निघालेली मराठी माणसांची ती सगळ्यात मोठी मोहीम, आणि नियोजन म्हणाल तर असं : भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरू, बायकापोरं, सामान उदंड, पैसा तुटपुंजा आणि उत्तरेच्या थंडीला पुरतील असे कपडे नाहीत. दिल्ली हाती आली तेव्हा खर्चाची इतकी ओढाताण होती की लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडावी लागली. अण्णा गप्प झाले. आत्यानं मात्र लगेच विचारलं, "म्हणजे स्वेटर किती घ्यायचे?"

स्वेटर किती हे कधी जायचं यावर ठरतं, आणि कधी जायचं हे दिल्लीचं हवामान आणि शाळेचं वेळापत्रक मिळून ठरवतात. या दोघांचं आजवर पटलेलं नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि दिल्लीत पारा पंचेचाळिशीला टेकतो. दिवाळीत सुट्टी असते, पण तेव्हा दिल्लीच्या हवेत हवा कमी आणि बाकीच्या वस्तू जास्त. नाताळात धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास उशिरा. जानेवारीत सव्वीस तारखेच्या संचलनाची तयारी, निम्मे रस्ते बंद. राहता राहिला फेब्रुवारी-मार्च. ऊन कोवळं, राष्ट्रपती भवनाची बाग लोकांसाठी उघडलेली, सगळीकडे फुलं. आणि आमच्या कन्येची दहावी. बाग यंदाही फुलेल आणि आमच्याविना मिटेल.

जाणकार सांगतात, दिल्ली हे एक शहर नाहीच, किमान सात आहेत. लालकोट, सीरी, तुघलकाबाद, जहांपनाह, फिरोजाबाद, जुना किल्ला आणि शहाजहानाबाद. इंग्रजांनी आठवी वसवली, १९३१ मध्ये तिचं उद्‌घाटन केलं आणि सोळा वर्षांत दुसऱ्यांच्या हाती देऊन निघून गेले. इतकी शहरं एका गावात असल्याचा परिणाम असा की आमच्या घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या दिल्लीला जायचं होतं. आत्याला अक्षरधाम. मेहुण्यांना जामा मशिदीजवळचं करीम, १९१३ पासून चालू असलेलं, तिथल्या कोरम्यासाठी. कन्येला मजनू का टीला. "कोण हा मजनू?" अण्णांनी विचारलं. तिथं तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, लाफिंग नावाचा तिखटजाळ प्रकार मिळतो, असं तिनं सांगितल्यावर ते म्हणाले, "तिखट खायला दिल्लीला कशाला? कोल्हापूरचं तिकीट स्वस्त आहे."

बायकोला हवी होती हुमायूनची कबर. मी म्हटलं, ताजमहाल बघणारच आहोत, मग पुन्हा कबर कशाला? तिनं माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. "ताजमहालाच्या कितीतरी आधीची आहे ती. बायकोनं नवऱ्यासाठी बांधून घेतलेली. नवऱ्यानं बायकोसाठी बांधली की जगातलं आश्चर्य, आणि बायकोनं बांधली की 'पुन्हा कबर कशाला'." हुमायूनची कबर वेळापत्रकात पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिथून हलली नाही.

खरा घोळ घातला सोमवारानं. सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रीय संग्रहालय बंद. अक्षरधाम बंद. लोटस टेंपल बंद. सरोजिनी नगरचा बाजारसुद्धा बंद, म्हणजे खरेदीवाल्यांचाही निकाल लागला. चांदनी चौकातल्या बाजाराची सुट्टी रविवारी. शुक्रवारी आग्र्याला जावं तर ताजमहाल बंद. मी आडव्या-उभ्या रेघा मारून एक तक्ता केला होता. त्यात सोमवारच्या चौकोनात उरले फक्त कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर. "सोमवारी थडग्यात नेतोस?" आत्या म्हणाली. "महादेवाचा वार आहे."

इथं अण्णा कामी आले. चांदनी चौकाच्या तोंडाशी गौरीशंकराचं देऊळ आहे आणि ते आप्पा गंगाधर नावाच्या मराठ्यानं बांधलं असं सांगतात. सोमवार, महादेव आणि मराठा, एका दगडात तीन पक्षी. पक्ष्यांवरून आठवलं, शेजारीच जैनांचं लाल मंदिर आहे आणि त्याच्या आवारात पक्ष्यांचा दवाखाना. पुढे बॅप्टिस्ट चर्च, मग सीसगंज गुरुद्वारा, आणि रस्ता संपतो तिथे फतेहपुरी मशीद. सगळं मिळून दीड किलोमीटरभर. आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी सहा माणसांना एकत्र बसवता येत नाही, आणि इथं पाच धर्म पिढ्यान्‌पिढ्या एकाच रस्त्यावर दुकानांच्या गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे आहेत. या रस्त्यानं वाईट दिवस पाहिले नाहीत असं नाही; सीसगंज गुरुद्वारा गुरू तेगबहादुरांना १६७५ मध्ये मारलं त्या जागीच आहे. तरी रोज सकाळी सगळ्यांची दारं उघडतात.

जेवणाचा प्रश्नही याच रस्त्यानं सोडवला. पराठेवाली गली जवळच. तिथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तुपात तळतात, आणि जुन्या दुकानांत कांदा-लसूण घालत नाहीत. आत्या त्या गल्लीत, मेहुणे चालत करीममध्ये, आणि दोघांनी एकमेकांचं ताट बघायचं नाही, असा तह झाला. सालबाईच्या तहालाही इतका वेळ लागला नसावा. अण्णांनी मध्येच महाराष्ट्र सदनात साबुदाणा वडा खाण्याचा प्रस्ताव मांडला. तो एकमतानं फेटाळला गेला.

अण्णांची आणखी एक अडचण. त्यांची दिल्ली चाळीस वर्षांपूर्वीची. ते फोनच्या नकाशात औरंगजेब रोड शोधत होते, तो २०१५ पासून अब्दुल कलाम रोड आहे. राजपथाचा २०२२ मध्ये कर्तव्य पथ झाला. कॅनॉट प्लेसला उतरायचं तर मेट्रोत राजीव चौक म्हणावं लागतं, आणि राजीव चौकला उतरून रिक्षावाल्याला विचारलं की तो म्हणतो, "हाँ हाँ, सीपी." दिल्लीत नवीन राजवट आली की आधी पाट्या रंगवते. रस्ते जिथल्या तिथं राहतात.

या सगळ्या काळात मला महंमद तुघलकाबद्दल मात्र आदर वाटायला लागला. शाळेत आपण त्याला वेडा महंमद म्हणून हसलो. या माणसानं १३२७ मध्ये दिल्लीतली मंडळी आपल्या दौलताबादला हलवली. चाळीस दिवसांची वाट, वाटेत मुक्कामाची सोय. काही वर्षांनी बेत फसल्यावर परतही नेली. लोकांचे अतोनात हाल झाले, राजधानी फसली, सगळं मान्य. पण ठरवलं आणि मंडळी निघाली, ही गोष्ट साधी नाही. मेहुण्यांनी अजून रजेचा अर्ज टाकलेला नाही.

आणि तिकिटं? पूर्वी गाडीचं आरक्षण एकशेवीस दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. आमच्या घरात एकमत व्हायला साठ दिवस पुरत नाहीत, त्यामुळे नवीन नियमानं आमचा फायदाच झाला : आता उशीर झाला की तो फक्त आमच्यामुळेच होत नाही. ज्या दिवशी आरक्षण उघडलं त्या दिवशी मी कुणालाही न विचारता सहा तिकिटं काढली. घरात आठ दिवस अबोला होता. तिकिटं पक्की आहेत.

तुम्हीही जाणार असाल तर आधी तिकिटं काढा आणि मग घरच्यांना विचारा. आत्या असेल तर खालचा बर्थ मागा. आणि काही झालं तरी लाल किल्ला सोमवारी ठेवू नका.