भोवरे सर

देवणीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या पुढं. आमचं मोठं पाणी म्हणजे मांजरा, तेही असलं तर. तरीपण समुद्राचा जाणकार गावात आहे. भूगोलाचे निवृत्त सर. आडनाव वेगळं आहे, पण पोस्टमनसुद्धा त्यांना भोवरे सर म्हणतो.

सरांचा वर्ग आता स्टँडसमोरच्या हॉटेलात भरतो. कुणी सहज म्हणालं, "औंदा पाऊस लांबला की ओ सर," की सर बशी पुढं ओढतात आणि चहात बोट फिरवतात. कुणाची बशी, हे बघत नाहीत.

"आधी सोमालियाचा काठ बघ. पावसाळ्यात तिथलं पाणी उत्तरेला पळतं, हिवाळ्यात उलटं. आणि पावसाळ्यात तिथं भोवरा बसतो, चारशे-पाचशे किलोमीटरचा. देवणीत शिरलास तर अलिबागला निघशील."

"एसटीनं?"

असल्या प्रश्नाकडं सर लक्ष देत नाहीत. ते आफ्रिकेच्या टोकाला पोचलेले असतात. तिथं हिंदी महासागराचा प्रवाह खाली येतो, वळतो आणि माघारी फिरतो. वळताना त्याचे भोवरे तुटून अटलांटिकमध्ये जातात, आपलं उबदार, खारं पाणी पोटात घेऊन. "आपलं पाणी पार तिकडं चाललंय," सर टेबलावर हात आपटतात, "अन् इथं तलाठ्याला पत्ता नाही!"

पुढची वाट त्यांना तोंडपाठ. अटलांटिकच्या उत्तरेला, ग्रीनलँडच्या बाजूला पाणी गारठून जड होतं, बुडतं आणि खोलातून दक्षिणेला येतं. मधून नाही, मुख्यतः अमेरिकेच्या बाजूचा काठ धरून. वरची गल्फ स्ट्रीम त्याच पश्चिमेच्या काठाला का चिकटते, हे 1948 साली समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेलनं गणितानं दाखवलं. स्टॉमेलचं नाव सर पाव्हण्याचं घ्यावं तसं घेतात.

2004 पासून अटलांटिकमध्ये तारांना यंत्रं टांगून पाण्याची ही उलथापालथ मोजतात. सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर. हा आकडा हॉटेलात कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा सरांनी तो रेल्वेत बसवला. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी यायची. भरली म्हणजे 25 लाख लिटर. तसल्या 6800 गाड्या, दर सेकंदाला.

हॉटेल गप्प झालं. भज्याचा झारा थांबला. मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "मग एक इकडं वळवायला काय झालंय?"

मोबाइलवर सरांनी उपग्रहाचं एक चित्र ठेवलंय, समुद्रभर भोवरेच भोवरे. गावाला ते बैल वाटतं. देवणी जनावरांतला शेवरा, पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे ठिपके. सरांना हे पटलं, इतकं की आता ते बाजारात बैलांपुढं उभे राहून प्रवाह शोधतात. दलाल त्यांना गिऱ्हाईक समजून किंमत सांगतात, आणि सर मान हलवतात. एकदा तर सौदा ठरता ठरता राहिला.

खरा समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, पुतण्याच्या लग्नाला गोव्यात गेल्यावर. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या फाटकाला हात जोडले, खाली जाऊन पाण्यात पाय बुडवले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. "हे वरवरचं आहे," म्हणाले.

मागच्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं. अंगणात जातं मांडलेलं, वर काकूंची परात, परातीत पाणी, मधोमध बर्फानं भरलेला तांब्या. जातं फिरवायचं काम माझ्याकडं. सरांनी कडेला हळदीची चिमूट सोडली. "मधलं गार, कडेचं गरम. आता फिरत्या पाण्यात भोवरे होतील अन् कडेची ऊब मधे नेतील. एकसारखं फिरव, धक्का देऊ नको!"

जात्याला एकसारखं फिरणं माहीत नाही, मलाही नाही. हळदीची एक शेपटी काठानं सरकली, वळली, गोल होऊ लागली. सर श्वास रोखून वाकले. तेवढ्यात काकू आल्या.

"परात द्या. पीठ मळायचंय."

"दोन मिनिटं. भोवरा तुटायलाय."

"इथं पोरगं उपाशी बसलंय!"

परात गेली. पाणी तुळशीला गेलं. रात्री पानात भाकरी पडली ती पिवळसर. काकू काही बोलल्या नाहीत. सरांनी मात्र ती दिव्यापुढं धरली, फिरवून पाहिली आणि मला कोपरानं ढोसलं.

"बघ, काठानं कुठवर नेलं!"